शुभ बातमीला बर्फी

बाबा,

आज आमच्या गावच्या मुख्य रस्त्यावर शाळेतल्या मुलांनी जुन्या घरांच्या दारांवर खडूने रेघा ओढल्या, मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी भर रस्त्यात सगळ्यांसमोर ओरडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चारचौघांत आवाज चढवू नये, आपण परक्या देशात आहोत." या परक्या देशात मी सहाव्या वर्षापासून आहे, आता केस पांढरे झाले. तुम्हाला जाऊनही इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो. तरी आज तुम्ही ऐकायचं आणि मी बोलायचं, असं ठरवून बसले आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही. "मुलगी स्कॉटलंडात जुनी घरं मोजते," असं तुम्ही लोकांना सांगायचात, आणि तेही काही फार चूक नव्हतं. समुद्रकाठच्या या लहानशा गावात अठराव्या शतकात कुठलं घर कुणाच्या मालकीचं होतं, कुठल्या मजल्यावर कोण भाड्याने राहायचं आणि ते भाडं कसं वसूल व्हायचं, हे मी गेली कित्येक वर्षं शोधते आहे. दगडी, उंच घरं. खाली दुकान, मधे बरी माणसं, आणि अगदी वर, छपराखाली, विधवा, विणकर, परीट. मालक म्हणजे व्यापारी. नगरसभेत बसायचे तेही तेच, आणि नगरसभेचा शिपाई त्यांचाच पगारी. एखादा भाडेकरू नकोसा झाला, की हा शिपाई यायचा आणि त्याच्या दारावर खडूने खूण करून जायचा. ना बोलणं ना चालणं, ती खूण हीच नोटीस. मग मे महिन्यात घरं बदलायचा जो दिवस ठरलेला असे, त्या दिवशी ज्यांच्या दारावर खडू लागला ते भांडीकुंडी गाडीवर लादून बाहेर पडायचे. भाडं थकलेलं असलं तर भांडीकुंडीही न्यायची सोय नव्हती, त्यांच्यावर पहिला हक्क मालकाचा.

तर आज गावात वारसा-दिन होता. समितीच्या बाईंनी ठरवलं की मुलांना इतिहासात गोडी लागावी म्हणून प्रत्येकाच्या हातात एक खडू द्यायचा आणि जुन्या दारांवर रेघा ओढायला लावायचं. गुलाबी, निळे, पिवळे खडू. शिवाय घरांवर ज्या नव्या पाट्या लागल्या, त्यांचा मजकूर मी लिहून दिला होता. त्यातली मालकांची नावं राहिली, अगदी कुणाचा मुलगा आणि कुणाचा जावई यासकट, आणि भाडेकरूंची सगळी नावं उडाली. का, तर पाटीवर जागा नाही. त्या काळीही जागा नव्हती आणि आताही नाही! मी बाईंना म्हटलं, "ती रेघ म्हणजे 'निघा इथून' असा हुकूम होता. मुलांना खेळायला काय देता आहात तुम्ही?" बाई गोड हसून म्हणाल्या, "ओ, बट द चिल्ड्रन लव्ह इट." त्या गोड हसण्यावर माझं डोकं फिरलं. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण एक लहान मुलगी खडू खाली टाकून आईमागे लपली हे आठवतं. घरी येऊन चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत माझ्या लक्षात आलं की हा आवाज मी गेला आठवडाभर तुमच्यासाठी राखून ठेवला होता. तो त्या बिचाऱ्या समितीच्या बाईंवर निघाला.

पहिल्यापासून सांगते. बर्मिंगहॅममधली आपली ती पहिली खोली आठवते का? घरमालकीण तळमजल्यावर राहायची आणि संध्याकाळी सातनंतर स्वयंपाक करायचा नाही असा तिचा नियम होता. तुमची फॅक्टरीतली पाळी सुटायचीच सातला. आई दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबते, खिडकी सताड उघडते, बाहेर बर्फ, आणि थंडीने कुडकुडत ती एवढीशी हिंगाची फोडणी करते. मी पलंगावर कोट घालून बसले आहे. तुम्ही येता, बूट हातात घेऊन जिना चढता, आणि जेवताना हळू आवाजात म्हणता, "आपलं घर झालं ना, की कुणाला असं राहावं लागणार नाही." मला ते वाक्य देवापुढच्या प्रतिज्ञेसारखं वाटलं होतं. फोडणीच्या बाबतीत तुम्ही ते पाळलंत, हे मी नाकारत नाही. पुढे आपण घर घेतलं, वर आपण आणि खाली भाडेकरू, आणि खालच्या स्वयंपाकघरात कुणी कधीही काहीही तळावं, तुम्ही नाक मुरडलं नाहीत. भाडेकरू म्हणजे आपलीच मराठी माणसं, नवी आलेली, तुमच्याकडे भाऊ भाऊ करत येणारी.

पण फोडणीपलीकडे काय? तुमच्या स्टीलच्या टेपने तुम्ही पुढची मोठी खोली मोजलीत आणि मधोमध प्लायवूडची भिंत घातलीत. भिंत बरोबर खिडकीच्या मधे आली. एका खोलीला अर्धी खिडकी, दुसरीला अर्धी, आणि उघडायची कडी एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूच्या माणसाला वारा हवा असला तर भिंतीवर टकटक करायची. इथे एका घराच्या वरच्या मजल्यावर मला तशीच खिडकी सापडली, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी मधे फळ्या ठोकून अर्धी केलेली. सगळे त्या घराच्या मालकाच्या कल्पकतेचं कौतुक करत होते. मला मात्र तिथे उभं राहवेना.

आणि पेढे. बाबा, पेढ्यांचं काय करू मी? तुम्हाला कुणाला तोडून बोलणं जमायचं नाही. "मी आयुष्यात कुणाला वाईट शब्द बोललो नाही," हे तुम्ही अभिमानाने सांगायचात. म्हणून भाडेकरूला घर सोडायला सांगायचं असलं की तुम्ही आईला पेढे करायला सांगायचात. ती दुधाची पावडर आणि लोणी कढईत घेऊन ढवळत बसायची. पहिल्यांदा तिने हौसेनं विचारलं होतं, "कुणाचं काय हो?" पुढच्या खोलीतल्या जोडप्याला मूल होणार होतं, आणि तुम्हाला ती खोली तुमच्या फॅक्टरीतल्या दोघा एकट्या माणसांना द्यायची होती, जास्त भाड्याने. मीही तुमच्याबरोबर खाली आले, कारण पेढा मिळणार होता. तुम्ही बसलात, चहा घेतलात, त्या बाईंच्या हातावर पेढा ठेवलात, बाळाला आशीर्वाद दिलात, आणि मग म्हणालात, "आता तुम्हाला मोठी जागा लागेल. महिनाभरात बघून टाका." त्या बाईंच्या तोंडात पेढा होता. त्यांना तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. रात्री आई तुम्हाला म्हणाली, "केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का हो?" तुम्ही म्हणालात, "अगं, गोड बोलूनच सांगितलं ना?" दोन-तीन वेळा तिने पेढे केले. मग एकदा कढई आपटून म्हणाली, "यापुढे मी पेढे करणार नाही. हवे तर विकत आणा." आणि तुम्ही खरोखरच विकत आणायला लागलात. पुढे मीही एकदा जेवताना विचारलं, की त्यांना साधं सरळ का सांगत नाही? तेव्हा तुम्ही ताट पुढे सारलंत. "ज्याचं घर त्याला कळे. तू आधी भाडं भर, मग मला शिकव." मी आजतागायत भाडं भरते आहे, बाबा. इथे माझ्या घरमालकाची मेल येते, सुरुवातीला 'आशा आहे तुम्ही मजेत असाल', आणि खाली भाडेवाढ. तिला मी मनातल्या मनात पेढ्याची मेल म्हणते.

आता तुम्हाला न पटणारी बातमी. खालच्या अर्ध्या खिडकीत काकू अजून राहतात. हॉस्पिटलच्या लाँड्रीत होत्या त्याच, नवऱ्याने टाकलेल्या, मागेपुढे कुणी नसलेल्या. तुम्ही गेलात, आईला तुमचा धाकटा मुलगा लंडनजवळ पिनरला घेऊन गेला, पुढे तीही तिथेच वारली, बाकीचे भाडेकरू एकेक करत पांगले. काकू राहिल्या. बाकीच्या खोल्यांना धाकट्याने कुलपं लावली आहेत, इन्शुरन्सचं काहीतरी कारण सांगून. अख्खं रिकामं घर, आणि म्हातारी बाई अर्ध्या खिडकीत. तुमच्यामागे घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे विकायचं तर माझी सही लागते. गेल्या महिन्यात धाकट्याचा फोन आला.

"ताई, लिसन, मार्केट आत्ता चांगली आहे. काकूंना कौन्सिलचा फ्लॅट मिळेल, ओल्ड लोकांसाठी असते ते शेल्टर्ड हाउसिंग, वॉर्डन वगैरे असते. शी विल बी फाइन. फक्त तू जाऊन सांग ना. तुझा मराठी चांगला आहे."

"काय सांगू?"

"बाबा कसं करायचे? स्वीट्स घेऊन? तसं. नाइसली."

इथे जन्मलेल्या, मराठीत दोन वाक्यं धड न बोलता येणाऱ्या तुमच्या मुलाला तुमच्याकडून नेमकं हे एवढं मिळालं! मी म्हटलं, सही करणार नाही. तो म्हणाला, "डोन्ट बी ड्रामॅटिक. पेपर्स पाठवतो, यू हॅव अ थिंक." पेपर्स आले. मी ते टेबलाच्या खणात टाकले आणि गेल्या आठवड्यात बर्मिंगहॅमची गाडी पकडली, काकूंना समोर बसून सांगायला की घर विकलं जाणार नाही, निर्धास्त राहा.

स्टेशनवरून बस, बसमधून उतरल्यावर ते मिठाईचं दुकान. वडीलधाऱ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आईने माझ्या हाडीमाशी खिळवलेलं. आणि बातमी तर शुभ. मी पेढ्यांचा डबा घेतला. तुमची आठवण आली का? आली. पण मला वाटायचं, ती गोष्ट आपल्या घरातली, आईच्या, तुमच्या आणि माझ्या मधली. खालच्यांनी तिचा काही अर्थ लावला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काकूंनी दार उघडलं. हसल्या. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली आणि हसू जागच्या जागी थांबलं. "ये, बस," म्हणाल्या, मला स्वयंपाकघरात बसवलं आणि आपल्या खोलीत गेल्या. पलंगाखालून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या.

"कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपर्यंत, काकू?"

"मुदत गं. तुझे बाबा महिना द्यायचे."

मी त्यांना सगळं सांगितलं. धाकट्याचा फोन, माझा नकार, पुन्हा पुन्हा, की तुम्ही इथेच राहायचं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पेढे कशाला आणलेस?"

"सहज. तोंड गोड करायला."

"या घरात?" त्या हसल्या, पण बसल्या नाहीत. "अगं, नवं माणूस राहायला आलं की आम्ही त्याला बाथरूमची वेळ नंतर सांगायचो, आधी हे सांगायचो. भाऊ डबा घेऊन खाली आले की समजायचं. जिन्यात त्यांची पावलं वाजली की आम्ही सगळे त्यांचे हात बघायचो. तू डिग्री पास झालीस ना, तेव्हा आले होते असेच. मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, भाऊ, फक्त या महिन्याचा पगार हातात पडू द्या, लगेच जाते. बॅगसुद्धा दारात आणून ठेवली. ते बघतच राहिले. मग म्हणाले, 'अहो, पोरगी पास झाली हो.' तोंड एवढंसं झालं त्यांचं. त्यानंतर शुभ बातमीला कायम बर्फी. आम्हालाही बरं पडलं, कळायचं."

"आणि पेढे बंद झाले?"

"छे गं. पेढ्यांचं काम पेढ्यांनी करायचं."

बाबा, तुम्हाला कळलं होतं! इतकी वर्षं मी तुमची बाजू घेत आले. म्हणत आले की भिडस्त माणूस, जमत नव्हतं बिचाऱ्याला, आपल्या पेढ्याने समोरच्याच्या घशाला काय होतं हे त्याला कुठे ठाऊक होतं. आणि तुम्ही त्या दारात उभे होतात. भरलेली बॅग बघितलीत. मुलीच्या पदवीचा आनंद तुमच्याच पेढ्यांनी तुमच्या तोंडावर मारला, तो तुम्ही निमूट घेतलात. लाज वाटली, काकू म्हणाल्या तसं तोंड एवढंसं झालं. मग त्या लाजेचं केलंत काय? मिठाई बदललीत. माणसं काढणं तसंच राहिलं, गोड बोलणं तसंच राहिलं, फक्त गोंधळ नको म्हणून आनंदाला बर्फी लावलीत. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा तुम्ही बर्फी वाटलीत, आणि मी आईजवळ कुरकुरले होते की सगळ्यांच्या घरी पेढे वाटतात, आमच्याच बाबांना कौतुक नाही. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली होती. तिलाही ठाऊक होतं का? इथला तो शिपाई तुमच्यापेक्षा बरा, असं म्हणायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत. तो खडू घेऊन यायचा, खूण करायचा आणि चालू लागायचा. त्या छपराखालच्या विधवेने त्याला चार शिव्या तरी हासडल्या असतील. तुमच्या भाडेकरूंना ती सोयही नव्हती. तोंडात पेढा ठेवून शिव्या कशा देणार, आणि वर "भाऊ, येतो" म्हणून पाया पडून जायचे ते.

मी काकूंना म्हटलं, "एक तरी खा. मी खरंच सांगते आहे."

त्या म्हणाल्या, "खरंच सांगते आहेस, दिसतंय की. तुझे बाबाही कधी खोटं बोलले नाहीत." आणि डबा न उघडता खोलीतल्या अर्ध्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आल्या. "राहू दे तिथे. खाईन नंतर."

चहा प्यायलो. त्यांनी मला पोहे करून घातले, फोडणीला भरपूर हिंग. आतली बॅग मी निघेपर्यंत पलंगाखाली परत गेली नव्हती. दारातून ती दिसत होती.

हे सगळं लिहून झाल्यावर आता कळतं आहे की हे पत्र पाठवायचंच म्हटलं तर पत्ता त्या घराचाच लिहावा लागेल, दुसरा तुमचा पत्ता मला माहीत नाही. आणि तिथे पाकीट पडलं तर ते काकू उचलणार. आपल्या घराण्याचं आडनाव आणि माझं अक्षर बघून उघडायच्या आधीच त्या बॅग भरायला घेतील. तेव्हा हे इथेच राहील.

एक मात्र सांगायला हवं. मी शिकायला स्कॉटलंडला निघाले तेव्हा तुम्ही तुमची स्टीलची टेप मला दिली होतीत. "जिथे राहशील ती खोली आधी मोज," म्हणाला होतात. ती अजून चालते, फक्त सुरुवातीचे आकडे पुसले आहेत. बर्मिंगहॅमहून परत येताना गाडीत मी फोन उघडला आणि आमच्या बंदराजवळच्या एका विक्रीच्या फ्लॅटचे फोटो बघत बसले. माझ्या पगारात तो बसत नाही. बर्मिंगहॅमचं घर विकलं तर माझ्या अर्ध्या वाट्यात बसतो. परवा तो बघून आले, टेप घेऊन गेले होते. समुद्राकडे दोन खिडक्या आहेत, दोन्ही पूर्ण. पडद्यांसाठी मापं घेतली. धाकट्याचे पेपर्स खणात आहेत. सही केलेली नाही, परतही पाठवलेले नाहीत.

काकूंनी पेढा खाल्ला नाही, ते बरं केलं.